पायजम्याला शिवलेली नळी

…आणि हसताय काय हो? साधी कात्री मागितली! बाजूच्या खाटेवरच्यांना भेटायला आलात, पिशवीत सफरचंदं दिसतायत, म्हटलं सुरी तरी असेल... नाही? संपलं मग!

तुम्हाला सांगतो, लघवीची ही नळी घातली तेव्हाच सिस्टरांनी बजावलं होतं, "आजोबा, आत फुगा फुगवलाय, त्यावर नळी अडकून आहे. नळीला हिसका बसता कामा नये. बसला तर..." अहो, बसला तर काय? पुढचं सांगितलंच नाही! मांडीवर थोडी ढील सोडून चिकटपट्टी मारली आणि गेल्या. आता ती चिकटपट्टी! एकेक केस मुळासकट मागत होती. जरा कूस बदलली की आई गं! आणि मी चाळीस वर्षं शिंपी, असली चिकटवाचिकटवी सहन करीन? बटण तुटल्याची थाप मारून बायकोकडून सुईदोरा मागवला, पट्टी काढून टाकली, पायजम्याला आतून मऊ कापड लावलं आणि त्यात नळी बसवली की शिवून! दुहेरी दोरा, बारीक टाके. काय आराम वाटला! कालपासून तसूभर हललेली नाही. नळीला हिसका बसता कामा नये ना? घ्या!

आणि आता... ऐकलंत? कुई... कुई... धुण्याची गाडी. मोठे डॉक्टर यायच्या आत मावशी सगळ्यांचे पायजमे बदलतात. "कंबर उचला!" म्हणतात, आणि तुम्ही उचलताय तोवर पायजमा गाडीत! दोन्ही पाय धरून, एकाच हिसक्यात... हो, हिसक्यात!

सांगू म्हणता? अहो, तीनदा ओरडलो! पण पायजम्याला हात लावला की इथला प्रत्येक म्हातारा ओरडतो, म्हणून मावशी कुणाचंच ऐकत नाहीत. सिस्टर डॉक्टरांना आणायला गेल्यात. घंटा दाबतोय, ती कुठे वाजते देव जाणे. कुई... शेजारचे झाले. तुम्ही धरा ना मावशींना! मागे काय सरकताय?

मावशी, थांबा! नळीला हिसका बसता कामा नये! ती पायजम्याला...

"आजोबा, मला काय लाजायचं? तुमच्यासारखे रोज वीस बघते. उचला कंबर!"

उसवतोय हो मी, नखांनी उसवतोय... एक टाका हलेल तर शपथ! गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगायचो, कापड फाटेल, पण शिवण सुटणार नाही. आता बसलोय वाट बघत, एखादा तरी टाका कच्चा निघेल म्हणून...

पण शिवलंय कोणी? मी!