द्वारकाकाकी रस्त्यात का उतरली

मंडळी, मायबहिणींनो,

या मांडवात इतकी माणसं मी फक्त जत्रेला पाहिली आहेत. मासे विकणाऱ्या बाईसाठी आपल्या गावात अशी सभा याआधी भरल्याचं मला आठवत नाही. तुम्ही आलात आणि मला बोलायला उभं केलंत. मला बोलायची सवय नाही. मी नगरपालिकेतला कारकून. माझं काम लिहायचं, आणि लिहिलेलं फडताळात ठेवायचं. दोन दिवस बसून मी आजचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. तो कागद घरीच ठेवून आलो. त्यात सगळं चांगलं चांगलं होतं.

द्वारकाकाकी माझी शेजारीण. तिच्या आणि आमच्या परसात कुंपणाची एकच वई. माझी आई आजारी पडली की काकी वईवरून पेजेचं भांडं द्यायची. तिचा मुलगा सदू माझ्या डोळ्यांसमोर वाढला. तो आज होडीवर तांडेल आहे, होडी त्याच्या हुकमानं चालते. तो इथं बसलाय, शेजारी त्याची बायको तारा बसलीय. सदू, तारा, मी जे बोलणार आहे ते मी तुम्हाला आधी सांगितलंय. तुम्ही हो म्हणालात म्हणून बोलतो.

बाहेरगावची माणसं आहेत म्हणून थोडं मागून सांगतो. बंदरापासून तिठ्यापर्यंतचा आपला रस्ता अरुंद. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला दगडी गडगा. पूर्वी त्यावरून बैलगाड्या जायच्या, तेव्हा काही वाटायचं नाही. मग मोटारी आल्या. एस्.टी. आली. बंदरावरून डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका मोटारीपुढे पळायला लागल्या. नवं राज्य झालं त्या सुमारास काकी पंधरावीस बायका घेऊन नगरपालिकेत आली आणि आम्हाला चालायला वाट द्या म्हणाली. चार वेळा आली. शेवटी दुकानांच्या बाजूनं चिऱ्यांचा फुटपाथ झाला. उंच, दोन माणसं शेजारी चालतील एवढा. पहिल्या दिवशी बायका त्यावरून पाट्या घेऊन गेल्या, तेव्हा मी खिडकीत उभा राहून बघत होतो. काकी सगळ्यांत पुढे होती.

पुरुषमंडळी, तुम्हाला एक सांगतो. मलाही ते काकीनंच सांगितलं, तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यावर भरलेली पाटी असली की माणसाला मान वळवता येत नाही. पायाखालचं दिसत नाही. मागचं तर नाहीच नाही. म्हणून त्या बायकांना फुटपाथ हवा होता. आपल्याला तो शोभेला होता. त्यांना तो जिवाला होता.

वर्षभर तो मोकळा राहिला.

मग बर्फ आला. मासळी बर्फात घालून ट्रकनं वर पाठवायची सोय झाली. कणकवली, नांदगाव, तळेरे करत ट्रक घाट चढायचे आणि आपला बांगडा दुसऱ्या दिवशी घाटावरच्या बाजारात विकला जायचा. चांगलं झालं. ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण ट्रक उभे कुठे राहणार? रस्त्यात उभे राहिले तर एस्.टी. अडते. मग पहिला ट्रक दोन चाकं फुटपाथवर चढवून उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. सकाळी सातपासून अकरापर्यंत. बर्फाच्या लाद्या फुटपाथवर फोडायचे. चिरे फुटले. नगरपालिकेनं पाटी लावली, इथे वाहने उभी करू नयेत. ती मीच रंगाऱ्याकडून लिहून आणली होती. आठ दिवसांत एका ड्रायव्हरनं तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला मी पाहिला. मी पुढे गेलो. मला वाटलं, हवालदार बघेल.

हवालदार मागे खांबाजवळ उभे आहेत. त्यांना काय वाटलं? त्यांना वाटलं, फुटपाथ नगरपालिकेचा, नगरपालिका बघेल.

या ट्रकांबद्दल काकी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती तोंडी सांगायला. मी तिला म्हटलं, "बाई, तक्रार लेखी द्यावी लागते." ती म्हणाली, "भायर काकी म्हणतंस आणि हंय बसलंस काय बाई म्हणतंस. खुर्चेर बसल्यार नाता बदालता काय रे बाबल?"

एवढं म्हणून ती गेली.

दुसऱ्यांदा आली तेव्हा अर्ज मीच लिहायला घेतला. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगत होती, मी लिहीत होतो. ट्रक किती वाजता येतात, कुठे उभे राहतात, बायकांना कुठे खाली उतरावं लागतं, सगळं नीट सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "एक दिस हंय कोण तरी मरतला. ता लिव."

मी थांबलो. म्हटलं, "काकी, अर्जात असं लिहीत नाहीत."

"मगे कधी लिवतलंस? मेल्यार?"

मंडळी, मी ते लिहिलं नाही. त्या जागी लिहिलं, पादचाऱ्यांची गैरसोय होत आहे. वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य मी भरभर वाचलं. तिनं अंगठा दिला.

तो अर्ज घेऊन मी पोलीस चौकीत गेलो. चौकी आमच्या कचेरीच्याच रांगेत, तीस पावलांवर. वाटेत फुटपाथवर ट्रक उभा होता. मी खाली रस्त्यात उतरलो, ट्रकला वळसा घातला आणि पुन्हा वर चढलो. हातात तोच अर्ज. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता रोज वाटतं.

चौकीतून अर्ज शेरा मारून परत आला, नगरपालिकेकडे वर्ग. आमच्याकडून शेरा मारून परत गेला, पोलिसांकडे वर्ग. पावसाळ्यात ट्रक बंद झाले, अर्जही थांबला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, ट्रक परत आले. अर्ज फडताळात होता.

खुणा मिळत नव्हत्या असं नाही. शाळेच्या शिपायाच्या पायावरून चाक गेलं. दोन बोटं गेली. ते आपसात मिटवलं. मग सुलोचनाबायची पाटी ट्रकच्या फळीला लागून उलटली, सगळे बांगडे चाकाखाली. ती वाचली. तेही मिटवलं. आपल्या गावात मिटवणारी माणसं फार आहेत, मंडळी. त्यांत मीही आहे.

त्या दिवशी काकीनं बायकांना सांगितलं, उद्या सगळ्या पाट्या घेऊन फुटपाथवर बसूया, बघू कोण ट्रक चढवतो. बायका तयार होत्या. मग संध्याकाळी घराघरांत पुरुष बोलले. काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रक आपलीच मासळी नेतात. व्यापारी रागावले तर ट्रक दुसऱ्या बंदराला जातील. मग होड्या आणून काय करायचं? सदू, तूही बोललास. तू मला रडत सांगितलंस म्हणून मी सांगतोय. तू आईला म्हणालास, वायच दमान घे. सकाळी फुटपाथवर एकटी काकी बसली. तासभर बसली. मग उठली आणि पाटी घेऊन बाजारात गेली.

तिसऱ्यांदा ती कचेरीत आली ती काही मागायला नाही. बाकावर बसली, पाणी प्याली. म्हणाली, "बाबल, माका आता भंय वाटता. माझा नाय. तारा पाटी घेवक लागली मा, तिचा." एवढंच. पाणी पिऊन गेली.

त्यानंतर वीस दिवसही गेले नाहीत.

सकाळचे नऊ वाजले होते. लख्ख ऊन. मी कचेरीच्या खिडकीशी बसलो होतो. समोर एक ट्रक नेहमीसारखा दोन चाकं वर घालून उभा, त्यात मासळी भरणं चाललं होतं. बंदराकडून बायका येत होत्या, काकी पुढे, बाकीच्या मागे. ट्रकपाशी आल्यावर ती थांबली. भरणाऱ्यांना काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. कोणी हललं नाही. मग ती खाली उतरली. एक हात पाटीला, दुसरा ट्रकच्या अंगाला लावून, चाचपत. त्याच वेळी बंदराकडून दुसरा भरलेला ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला. पण हॉर्न तर तिथे दिवसभर वाजतात, त्यातला आपल्यासाठी कुठला ते कसं कळायचं? मागच्या बायका ओरडल्या. त्यांचं ओरडणं ऐकून कोणीही मागे वळून बघितलं असतं. तिला मान वळवता येत नव्हती.

उभा ट्रक आणि चालता ट्रक, यांच्या मध्ये ती सापडली.

मी धावत खाली गेलो. तिला जमिनीवर निजवलं तेव्हा ती जिवंत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, शिव्या देईल. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्या चालत्या ट्रकचा ड्रायव्हर घाटावरचा, वीसबावीस वर्षांचा. तो चाकाला टेकून बसला होता. आज तो कोठडीत आहे. त्याच्या आईला अजून कळलंय की नाही, मला माहीत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. यासाठीच मी उभा आहे.

पंचनामा व्हायला तास लागला. तेवढ्यात तो उभा ट्रक निघून गेला. बर्फ वितळत होता. दहा होड्यांची मासळी होती, त्यात सदूच्या होडीचीही होती. काकी घोंगडीखाली होती आणि मुलानं पकडलेले मासे तळेऱ्याच्या वाटेला लागले होते. हवालदार लिहायला बसले, तेव्हा फुटपाथ रिकामा. त्यांनी लिहिलं, पायवाट मोकळी असताना सदर बाई रस्त्याच्या मधून चालत होती. पंच म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, इथे ट्रक होता. ते म्हणाले, पंचनाम्यात समोर दिसतं ते लिहितात, दिसतोय का तुम्हाला? मला दिसत नव्हता. मी सही केली.

हो. मी सही केली. गाववाल्यांनो, कागदावर आज चूक द्वारकाकाकीची आहे. जिनं वाट मागून घेतली, तीच वाट सोडून चालत होती असं लिहिलंय. आणि खाली माझं नाव आहे.

दाजीशेठ, तुम्ही पुढे बसला आहात. हार तुम्ही आणलात, सतरंज्या तुमच्या. काल तुमचा माणूस माझ्याकडे आला होता. गोड बोलला. म्हणाला, सभेत दोन बऱ्या गोष्टी सांगा आणि बसा, गेलेली बाई काही परत येत नाही, तुमची नोकरी अजून पुष्कळ आहे. खरं आहे. ती परत येत नाही. आणि माझी नोकरी राहील की नाही हेही मला सांगता येत नाही. तुमचे ट्रक बंद करा असं कोणी म्हणत नाही. बंदराच्या मागे माडांच्या भाटात जागा आहे. तिथपर्यंत मासळी वाहायला चार माणसं जास्त लागतील. तेवढंच होतं, शेठ. एवढ्यासाठीच हे सगळं झालं.

उद्या दहा वाजता मी मामलेदार कचेरीत जाणार आहे. मी खिडकीतून काय पाहिलं, ते लिहून देणार आहे. माझी सही खोट्या कागदावर आहे, हेही लिहून देणार आहे. आणि मी गाळलेलं काकीचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिणार आहे. एकट्याचं लिहिणं फडताळात जातं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? त्या सकाळी मागून ओरडणाऱ्या बायका इथेच आहेत. मासळी भरणारेही आहेत. या असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी आज काय बोलणं होईल, ते मला आत्ताच ऐकू येतंय.

पण येताना मी बाजारातून आलो. तिला जाऊन आज बारावा दिवस. फुटपाथवर दोन ट्रक उभे होते. जिथे ती पडली तिथे मासळीचं पाणी वाहत होतं आणि एक म्हातारी नातवाचं बोट धरून, ट्रकला वळसा घालायला रस्त्यात उतरत होती. कोणी बघत नव्हतं. बारा दिवसांत आपल्याला त्याची पुन्हा सवय झाली. मला त्या ट्रकपेक्षा या सवयीचं भय वाटतं.

परवापासून तारा पुन्हा पाटी घेणार आहे. घर चालायला हवं. ती त्याच वाटेनं जाईल. तिच्या मागे आणखी वीसजणी. पुढची कोण, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण ती आज या मांडवात बसलेली आहे, एवढं मी सांगू शकतो.

आता सगळे उठूया. द्वारकाकाकीसाठी दोन मिनिटं गप्प राहूया. डोळे मिटू नका. शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे नीट बघून घ्या.

काकी, तुझ्या पाया पडतो.