शालीकरामजी बदलले तो दिवस

सन्माननीय सभाध्यक्ष शेठ दुलीचंदजी, व्यासपीठावर बसलेले आमचे हेडमास्तर भैयाजी, लोकल बोर्डाचे आजी-माजी सभासद, ज्यांच्या निरोपासाठी आज धानाची कापणी अर्धी टाकून आपण गोरेगावात जमलो ते शालीकरामजी कटरे, त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, पिंपळटोल्याहून आणि मोहाटोल्याहून बैलबंड्या जुंपून आलेल्या मंडळींनो, आणि मायबहिणींनो,

मला बोलायला शेवटी उभं केलं आहे. शेवटच्या वक्त्याचं एक बरं असतं, त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नसते. स्वयंपाकाचा वास इथपर्यंत येऊन राहिला आहे आणि तुमचं अर्धं लक्ष तिकडं आहे, हे मला दिसतं. शेठजींनी तर मघाशीच हळूच सांगितलं, "केशोरावजी, थोड़ा संक्षेप में." मी प्रयत्न करतो.

आतापर्यंत जे जे बोलले, त्या सर्वांनी शालीकरामजींचा एकच गुण सांगितला. भैयाजी मास्तरांनी तर फार सुंदर शब्दांत सांगितला. ते म्हणाले, आज पुढारी हवेसारखे फिरतात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. पण शालीकरामजी सागाच्या खांबासारखे, पंचवीस वर्षांत तसूभर हलले नाहीत. टाळ्याही झाल्या. मास्तर, तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. या ऑगस्टात झेंडा चढला आणि तेव्हापासून गोंदियात पांढऱ्या टोपीचं कापड मिळेना. ज्या डोक्यांवर आदल्या वर्षी साहेबाच्या दरबाराचा फेटा होता, त्यांनाच ते आधी लागलं. हे आपण सर्वांनी पाहिलं. नावं घेत नाही. काही जण जेवायला थांबणार आहेत.

पण तुमचं दुसरं म्हणणं मला मान्य नाही. शालीकरामजी हलले होते. एकदा, आणि चांगले मुळासकट हलले होते. मी तिथं उभा होतो. ते आत्ता मान खाली घालून बसले आहेत, कारण मी काय सांगणार हे त्यांना कळलं आहे. त्यांनी रागावू नये. निरोपाच्या दिवशी माणसाचं खरं सांगावं, असं मला वाटतं.

नव्या पोरांसाठी थोडं मागचं सांगतो. पिंपळटोल्याचा तलाव तुम्ही पाहिला आहे. तलावाखाली आधी आमच्या पिंपळटोल्याच्या धानाच्या बांध्या, आणि त्या संपल्या की ओढ्यापलीकडं मोहाटोल्याच्या. पाट एकच. आमच्याकडं रीत अशी होती, की आधी पिंपळटोल्याची सगळी शेतं भिजायची, आणि मग पाणी उरलं तर खाली जायचं. ही रीत कुणी लबाडीनं लावली नव्हती. शालीकरामजींच्या आजोबांच्या पिढीनं, आमच्याच गावच्या लोकांनी, डोक्यावर माती वाहून तलावाची पाळ घातली होती. ज्यानं पाळ घातली, त्याचं पाणी आधी. यात चूक काय, असं आम्हाला वाटायचं. शालीकरामजी तलावाचे पंच होते आणि लोकल बोर्डात आमचे सभासदही होते. निवडणुकीला उभं राहिलं की त्यांचं भाषण यावरच. "रीत मोडू देणार नाही," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. आणि ते मनापासून म्हणायचे. मतांसाठी बोलणारा माणूस मला ओळखू येतो, मी स्वतः निवडणुका लढवल्या आहेत.

मग ते वाईट साल आलं. साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. धान पोटरीवर आलेलं, आणि तलावात निम्मं पाणी. अशा वेळी याच गोरेगावच्या आठवडी बाजारात शालीकरामजी बंडीवर उभे राहून बोलत होते. निवडणूक पुढच्या वर्षी होती, पण पुढाऱ्याला निवडणूक वर्षभर आधीच दिसायला लागते. विषय तोच. आमची गर्दी खूश होती. तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं,

"भाऊ, तुमी आमच्या बांध्या कधी पाह्यल्या का?"

ती मोहाटोल्याची जमुनाबाई. बाजारात भाजी विकायची, टोपली अजून हातातच होती. आज ती तिथं खांबापाशी बसली आहे. लोक हसले. कुणी म्हणालं, बाई, तुझी भाजी विक. पण शालीकरामजी हसले नाहीत. इतकी वर्षं ते मोहाटोल्याचेही सभासद होते. रस्त्यापर्यंत गेले होते, पाटलाच्या ओसरीवर चहा घेऊन आले होते, पण ओढ्यापलीकडच्या शेतात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. दुसरा कुणी असता तर "पाह्यल्या, पाह्यल्या" म्हणून मोकळा झाला असता. मी तरी झालो असतो. हे म्हणाले, "नाई पाह्यल्या. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच निघाले आणि मला सोबत घेतलं. मी तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो, हे सांगून ठेवतो. जमुनाबाई पुढं, आम्ही मागं. ओढा ओलांडला आणि पाहिलं. आमच्या शेतात धान मांडीएवढं होतं, इथं गुडघ्याला नव्हतं. जमिनीला भेगा, पिवळी पात. एक म्हातारा माणूस उभं धान गुरांना कापून घालत होता, म्हणजे निदान त्याची वैरण तरी व्हावी. शालीकरामजींनी एक रोप उपटलं, मुळं पाहिली, माती बोटांनी चुरगळली. आमची समजूत अशी होती, की मोहाटोल्याची जमीनच हलकी आणि माणसं आळशी. माती तर आमच्यासारखीच निघाली. मग त्यांनी विचारलं, यंदा पाऊस गेला म्हणून हे असं झालं ना?

जमुनाबाई म्हणाली, "नाई भाऊ. कमीजास्त दरसाली असंच राहते. यंदा तुमी आले, इतकंच नवं आहे."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर आम्ही भांडलो असतो आणि बरं वाटून घरी गेलो असतो. शालीकरामजी तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसले. परत येताना मी म्हणालो, दुःख तर आहेच, पण रीत आहे. ते माझ्यापुढं चालायला लागले.

सुलोचनाबाईंनी मला मागाहून सांगितलं, की त्या दिवशी ते जेवले नाहीत. "काऊन जेवत नाई?" असं विचारलं तर म्हणाले, माझं बोलणं चुकलं आहे, आणि ते गावाले कसं सांगू हे सुचत नाही. त्यावर बाई म्हणाल्या, जसं चूक बोलले तसंच मोठ्यानं बरोबर बोला. सगळ्या भाषणांमध्ये आज यांचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेतो.

सकाळी त्यांनी सगळ्या गावाला तलावाच्या पाळीवर बोलावलं. आम्हाला वाटलं, पाणी वाटपाची नेहमीची बैठक. ते उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी मोहाटोल्याले गेलतो. इतकी वर्सं मी तुमाले जे सांगतलं, ते न पाहता सांगतलं. आता पाह्यलं. माझं चुकलं. यंदापासून पाणी आधी खालच्या बांध्यांले जाईन, मंग आपल्याले. आणि पहिलं तोंड माझ्या बांधीचं बंद करा."

तुम्हाला सांगतो, पाळीवर एकदम सगळे बोलायला लागले. त्यांचे थोरले भाऊ उदारामजी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, फार तापट माणूस, ते पुढं आले. म्हणाले, "मंग आपल्या आज्यानं घातलेली पाळ कोणाची?"

शालीकरामजी म्हणाले, "पाळ आज्याचीच. पण पाणी वरून पडते, दादा. ते आज्यानं नाई पाडलं."

उदारामजी पाय आपटत निघून गेले आणि भावाशी बोलणं टाकलं. तलावाचे बाकीचे पंच दोन दिवस घासाघीस करत होते, शेवटी शालीकरामजींच्या शब्दाचा मान म्हणून एक हंगाम करून पाहू म्हणाले. पाणी खाली गेलं. खोटं कशाला बोलू, त्या साली पिंपळटोल्यात धान कमी झालं. शालीकरामजींच्या दोन बांध्या तर पोचटच निघाल्या. पण मोहाटोल्याचं एकही घर त्या साली गाव सोडून खाणीवर मजुरीला गेलं नाही. दरवर्षी जायची. हेही तितकंच खरं.

आता पुढारी माणूस आपलं मत बदलतो तेव्हा आपण विचारतो, याला यात मिळालं काय? विचारायलाच पाहिजे. म्हणून मिळालं काय ते सांगतो. पुढच्या वर्षी निवडणूक आली. तेव्हा मताचा हक्क कुणाला होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. ज्याच्या नावावर पुरेशी जमीन, त्याला. मत होतं पिंपळटोल्यात. मोहाटोल्यात, जिथं पाणी पोहोचलं, तिथं मत असणारी घरं हातावर मोजावी इतकी. शालीकरामजींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांच्याविरुद्ध एक माणूस उभा राहिला. तो गावोगाव सांगायचा, "शालीकरामजी बदलले. मी बदलणार नाही." लोकांना ते पटलं. शालीकरामजी पडले, आणि चांगले पडले.

तो माणूस मीच.

हसा, हसा. मी त्याची माफी मागायला उभा नाही. ते बदलले हे खरंच होतं; मी खरं बोलून निवडून आलो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, चहा घेतला, आणि जाताना एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "केशोराव, पाण्याची नवी रीत मोडू नका. पाहिजे तर सांगा का ती तुमीच लावली. माझं नाव नको."

मी त्यांना म्हणालो, नाव तुमचंच राहील, आणि शिव्याही तुमच्याच राहतील. ते मोठ्यानं हसले. पडल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पण मी अडचणीत आलो होतो. मी "बदलणार नाही" म्हणून निवडून आलेला, आणि लोक रोज दारात, रीत परत आणा. मला तर ओढ्यापलीकडचं ते धान दिसायचं. मीही पाहून आलो होतो ना! शेवटी मी सगळ्यांना पाळीवर बोलावलं आणि म्हणालो, ठीक आहे, उद्या पाणी वळवू. फक्त ज्याला वळवायचं आहे त्यानं स्वतः मोहाटोल्याला जाऊन जमुनाबाईला तसं सांगून यावं. आज जा, उद्या जा, घाई नाही. मंडळी, पंधरा वर्षं होत आली. अजून कुणी गेलेलं नाही.

आणि हळूहळू असं झालं, की खाली पाणी लवकर पोहोचवायचं तर पाट साफ पाहिजे, म्हणून दोन्ही गावं मिळून गाळ काढायला लागली. पाटात पाणी मुरायचं ते वाचलं. आता बऱ्या पावसाच्या साली दोन्हीकडं पुरतं. कमी पावसात दोन्हीकडं थोडं थोडं कमी पडतं, आणि ते सोसवतं. पुढच्या निवडणुकीला मी स्वतः शालीकरामजींचा अर्ज भरायला गोंदियाला गेलो. माझ्या गावानं त्यांना परत निवडलं. उदारामजींनी भावाशी अबोला सोडला तो कसा? ज्या मोहाटोल्यात आमच्याकडचं कुणी मुलगी देत नव्हतं, कारण कोठीत धान नसायचं, तिथं त्यांनी आपली शामकला दिली. सोयरीक ठरल्यावर आधी धाकट्या भावाच्या दारात गेले आणि म्हणाले, "चाल, पाहुण्यांचं घर दाखव. तुले रस्ता माहीत आहे." शामकला इथं आहे, कडेवर तिची मुलगी आहे, आणि तिच्याकडं पाहून तिच्या घरच्या कोठीबद्दल मला काही विचारावं लागत नाही.

म्हणून मास्तर, मी अदबीनं सांगतो. पुढारी बदलतो का, हा प्रश्न मोठा नाही. काय पाहून बदलला आणि बदलताना त्यानं पदरचं काय टाकलं, हे विचारावं. आता दिल्ली आपली, नागपूर आपलं. पुष्कळ पुढारी येतील. हा प्रश्न विचारायला आपल्या पोरांना शिकवा. एवढं झालं तरी पुरे.

आता शेवटचं. आम्ही सर्वांनी शालीकरामजींना विनवलं, की आणखी एक वेळ बोर्डात राहा. विरोधात उभं राहायला कुणी तयार नाही; मीही नाही. ते ऐकेनात. कारण कुणाला सांगेनात. परवा मी त्यांच्या अंगणात बसून हट्टानं विचारलं. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "केशोराव, आता मले ओढा ओलांडवत नाई. ज्याले जाऊन पाहता येत नाई, त्यानं लोकाइच्या वतीनं बोलू नये."

यावर तुमच्यापैकी कुणाजवळ उत्तर असलं तर जेवताना त्यांना सांगून पाहा.

सभाध्यक्षांनी संक्षेप सांगितला होता, तो मला साधला नाही. मास्तरांचं बोलणं मी खोडलं, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, मोठ्यांची नावं घेतली. यात कुणाला काही टोचलं असेल तर ते या म्हाताऱ्या गाववाल्याचं समजून पोटात घालावं. तुम्ही इतका वेळ भूक धरून ऐकलं, याचे फार फार आभार. शालीकरामजींना आणि सुलोचनाबाईंना माझा नमस्कार.