अण्णांचा वस्तरा आणि माझा पट्टा

…नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सव्वीस वर्षं दुकानात बसून सुऱ्या, कोयते, कात्र्या विकल्या, गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत "दादा, तुम्हाला ही नको, ती घ्या" म्हणून सांगितलं, त्याला त्याच्याच घरात त्याच्याच बापाने रोज चहाच्या आधी विचारावं, "लागली का धार?" आणि त्याने मान खाली घालून म्हणावं, "लागतेय, अण्णा"… शोभतं का हे?

झालं काय, तुम्हाला सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, वय एक्याऐंशी, जन्मभर एकाच वस्तऱ्याने दाढी केलेले. काळ्या मुठीचा, मिटता येणारा, त्यांच्या वडिलांनी दिलेला. तो चालवणाराही एकच माणूस, कोपऱ्यावरचे सलूनवाले काका. वस्तराही त्यांच्याच दुकानात राहायचा, डबीत, मानाने. एक दिवस काका ती डबी घेऊन दारात हजर. "अण्णा, हात थरथरतो आता. दुकान बंद केलं. मुलीकडे राहायला चाललो." संपलं! अण्णांनी जाहीर केलं, "दुसरं पातं माझ्या गालाला लागणार नाही." मी माझं दाढीचं मशीन पुढे केलं, तर म्हणाले, "हे गवतावर फिरव."

दाढी वाढली, आणि स्वारी घरात बसली. रोज बागेतल्या बाकावर चार म्हाताऱ्यांना अक्कल शिकवणारा माणूस, "या अवताराने जाऊ होय?" म्हणून खिडकीशी गप्प! अहो, अण्णा बोलतात तेव्हा डोकं उठतं, कबूल, पण गप्प बसले की घर खायला उठतं. म्हटलं, आणा तो वस्तरा. त्यात काय एवढं? गिऱ्हाइकांना रोज सांगतो मी, जरा कोन द्या, जरा दाब द्या…

दुकानातला दगड आणला, पाणी मारलं, कोन दिला, दाब दिला, घामाघूम होईतो घासलं. "लागली का धार?" हातावर फिरवून बघतो तर केस वाकतायत, नमस्कार करतायत, आणि परत उभे! मला नवल वाटलं, कालपरवापर्यंत रोज चालणारा वस्तरा इतका बोथट कसा? शंका आली होती हं, खोटं नाही सांगत. पण जन्म गेला दुसऱ्यांच्या शंका फेडण्यात, स्वतःची कोण फेडतो?

गेलो काकांकडे, त्यांच्या मुलीच्या घरी. म्हटलं, "काका, वस्तऱ्याला धार कशी लावायची?" काका असे दचकले की चहा बशीत. "कुठल्या? त्या? खरंच लावणार तू?" म्हटलं, "मग काय चमच्याला लावू?" बशीतला चहा परत कपात ओतला, मग म्हणाले, "सुरीला कोन तू देतोस. वस्तऱ्याला त्याची पाठच कोन देते. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकव. परतवायचा तो पाठीवरून, धारेवरून नाही. आणि दाबू नकोस रे, हाताचं वजन घरी ठेवून बस."

आणि तुम्हाला सांगतो, तिथून मला नादच लागला! दाब काढला की दगडावरचं पाणी पात्याच्या पुढेपुढे पळतं, माहितीये? आवाज बदलतो, आधी खरखर, मग सरसर, मग जवळजवळ काहीच नाही. घड्याळजीकडून भिंग आणलं, त्यातून बघितलं तर धार कुठली, करवत ती! इतकी वर्षं मी विकली काय हो? आणि मग पातं चामड्यावर फिरवायचं. पोलादाला चामडं काय शिकवणार? पण शिकवतं! मी कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, पाच-सात हात मस्त मारले, आठव्याला नेमका धारेवरून परतवला… केस कापत नव्हता तो वस्तरा, पट्टा मात्र लोण्यासारखा! दिवसभर दुकानात एका हाताने सामान देतोय, दुसऱ्या हाताने विजार सांभाळतोय.

बायको म्हणाली, "अहो, डाव्या हाताचे केस संपले तुमचे. उजव्याचे पुरवून वापरा." आणि खिडकीतून, "लागली का धार?" "लागतेय, अण्णा…"

सहाव्या आठवड्यात बायकोच्या कंगव्यातला एक केस चिमटीत लोंबता धरला, नुसता टेकवला… तट्! अर्धा खाली. मी ओरडलोच. अण्णांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर गरम टॉवेल, फेस, आणि बापाच्या गळ्यावर उघडा वस्तरा… एक ओरखडा नाही! अण्णांनी गाल चाचपला, "हं" म्हणाले, काठी उचलली आणि थेट बागेत. बायकोने डोळे पुसले. मीसुद्धा, जरासे.

तासाभराने परत. म्हटलं, "काय म्हणाले मित्र?" "छान म्हणाले. पण खरं सांगू? काकांची सर नाही. काय धार असायची ती! दाढी झालेली कळायचीसुद्धा नाही. तुझी ओढते."

तिरीमिरीत गेलो काकांकडे. "काका, कुठे कमी पडतोय मी?" काकांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "बाळा, रागावू नको. तो वस्तरा वीस वर्षं दगडाला लागलेला नाही. माझी नजर कमी झाली ना तेव्हापासून. रोज डबीतून काढायचो, चामड्यावर फटाफट वाजवायचो, अण्णांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचो… आणि दाढी करायचो दुसऱ्याच, बदलत्या ब्लेडच्या वस्तऱ्याने. रोज नवं ब्लेड."

वीस वर्षं! आणि माझे हात बघा, कोपरापर्यंत गुळगुळीत!

घरी आलो. अण्णा खिडकीत वाटच बघत होते. "काय म्हणाले काका?" आता काय सांगणार? म्हटलं, "म्हणाले, हात बसायला वीस वर्षं लागतात." अण्णा खूश. "बघ! मी सांगत नव्हतो? खरा कारागीर तो!"

तेव्हा चालू आहे आपलं. रोज सकाळी, दगड, पाणी, नवा पट्टा. ब्लेड? आणलंय. कपाटात आहे. पण ते लावलं तर काका जिंकणार, नाही लावलं तरी काकाच जिंकणार…

"लागली का रे धार?"

"लागतेय, अण्णा."