काचेचं दार

चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगेत नर्सबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढे दोघी जावा हळू आवाजात बोलत होत्या.

"आज तरी राग सोड गं बाई."

"माझ्या पोरीच्या अंगाला हात लावला फादरने, जाऊबाई."

"बिशपांनी चौकशी केली ना?"

"कोणाकडून? सेमिनरीत, फादर व्हायचं शिकताना, जो याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्याच्याकडून. याला महिनाभर प्रार्थनेला पाठवला आणि ताजातवाना करून परत आणला. गायनवृंदातून काढलं ते माझ्या पोरीला."

"तिलाच त्रास नको म्हणून."

"फारच काळजी हो."

"आता सुधारणा होतायत म्हणे. कन्फेशनच्या खोलीला काचेचं दार बसवलं, बघ."

"आणि काचेआड बसवला कोणाला? त्यालाच."

"मग तू कशाला आलीस रांगेत?"

"कन्फेशन केलं नाही तर उद्या कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठता येणार नाही. सगळे उठतील, मी एकटी बाकावर. मग लोक म्हणणार, हिच्याच मनात पाप आहे, पोरीला हिनेच पढवलं."

"आत जाऊन सांगणार काय?"

"फादरचा राग येतो, असं सांगणार. आणि तो मला माफ करणार."

काचेचं दार उघडलं. पोरीची आई आत गेली. रांग पुढे सरकली, नर्सबाईही सरकल्या.