संघर्षचा आवाज

दापोडीच्या बसस्टॉपवर नीलाच्या पुढे दोन रिटायर कामगार उभे होते.

“धम्मपाल, तुझ्या पोरावर, संघर्षवर, पिक्चर निघाला म्हणे?”

“निघाला, इम्तियाजभाई. इथं डेथ मेटल पहिल्यांदा त्यानंच गायलं म्हणे. पोरगं गेल्यावर कळलं.”

“ते रॉक गाण्यात डरकाळ्या फोडायचा, तेच ना?”

“तेच. मी म्हणायचो, जरा नीट गा की! पिक्चरवाल्यांनी विचारलं, हा आवाज कुणाकडनं उचलला? म्हटलं, आमच्या खानदानात असलं कुणी न्हाई.”

“अरे, कारखान्यात प्रेस शॉपमध्ये मशीनच्या वर आवाज चढवायला तू पोटातनं ओरडायचास. घरी चहासुद्धा तसाच मागायचास!”

“काहीतरीच!”

तेवढ्यात बस आली आणि न थांबताच पुढे गेली.

“थांऽऽब!”

धम्मपालच्या आवाजानं नीलाच्या कानठळ्या बसल्या. बस जागच्या जागी थांबली. सगळे धावत जाऊन चढले. धम्मपाल मात्र गळ्याला हात लावून तिथंच उभा राहिला.