पोरीला काय विचारायचं

जन्म माझा तंजावरचा, आजा-पणजा तिथलेच, आमची मराठी ऐकून तुम्हा पुण्याच्या बाईंना हसू येतंय, तर हसा, मला त्याचं काही नाही. दुसरीतच शाळा सुटली, चौदाव्या वर्षी घर सोडून मद्रासला आलो, का चाललास म्हणून कुणी विचारलं नाही, कुठला कायदा आडवा आला नाही. तिरुवल्लिकेणीत बिनलग्नाच्या पोरांना खोल्या देणारी मॅन्शनं आहेत ना, त्या गल्लीत आधी दुसऱ्याच्या मेसमध्ये भांडी घासली, मग माझी स्वतःची मेस काढली. मोठमोठे ऑफिसर माझ्याकडं केळीच्या पानावर जेवून गेले. काय वाढू म्हणून मी कुणाला विचारलं नाही. मी वाढायचं, त्यानं खायचं आणि बोटं चाटत उठायचं.

रुक्कू माझी नात. लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं, पोर मी वाढवली. आमच्यात मामानं भाची करायची रीत आहे, तुम्ही नाक मुरडता ते ठाऊक आहे मला, मुरडा. घरची पोर घरात राहते, सासू-सासऱ्यांचा जाच नाही. माझा धाकटा गोविंद, ऑफिसात कारकून, तोंडातून शब्द नाही असा मुलगा. रुक्कूला सतरावं सरत आलं तेव्हा मी दोघांचा निश्चितार्थ केला, तुमच्याकडचा साखरपुडा, चांदीच्या ताटात पानसुपारी, नारळ, रेशमी पट्टुसाडी, मंत्राला भटजी, सगळे आप्त हजर. लग्न अठरा भरल्यावर. कायदा मलाही कळतो हो.

आणि ही बया आठ दिवसांत घरातून निघून गेली. अण्णा नगरात तिची टीचर राहते, तिच्याकडं. मी पोलिसांत गेलो, टीचरनं माझी पोरगी पळवली म्हणून सांगितलं. इन्स्पेक्टर वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, पेरियवरे, ती आपल्या पायांनी गेलीय, पण अठराच्या आतली आहे, मनाला येईल तिथं राहता येणार नाही, बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागेल. मी म्हटलं न्या, न्या. म्हणजे कायदा माझ्याच बाजूचा.

साक्षीला भटजींना घेऊन गेलो, ऑटो करून. शब्द चारचौघांत दिलाय हे त्यांना कळायला नको? समितीतली मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आधी रुक्कूला आत बोलावलं आणि दार लावलं. मी बाहेर बाकावर. मी! मग आम्हाला आत घेतलं. भटजी छाती काढून म्हणाले, होय, मंत्र मीच म्हटले, मुहूर्तही मीच काढला, पोरगी रडत होती खरी, पण मुली रडतातच. मॅडम म्हणाली, तिला विचारलं होतं का कुणी? भटजी हसले, पोरीला काय विचारायचं? मी म्हटलं, बरोबर. झालं, मॅडमचं पेन चालू झालं. म्हणते, आजोबा, एकटीनं राहायचा हक्क तिला अजून नाही, पण जिथं बळजबरीनं लग्न लावणार तिथं तिला परत धाडायचा हक्क मलाही नाही, आणि तिचं म्हणणं आम्ही ऐकायचं हा तिचा हक्क. पोरगी गेली मुलींच्या होममध्ये. भटजींना मी वाटेतच ऑटोतून उतरवलं, म्हटलं जा चालत.

घरी येऊन गोविंदावर ओरडलो, तुझी बायको नेली आणि तू मुका. तर म्हणतो कसा, अप्पा, मी तिला कडेवर खेळवलंय, मला हे लग्न नकोच होतं. मग थोबाड का नाही उघडलंस? म्हणे, तुम्ही विचारलंत कधी? बघा. माझंच मीठ खाऊन.

रविवारी भेटता येतं, तेही ती हो म्हणाली तर. आधी चिंचेचा भात नेला, फाटकावरूनच नकार. पुन्हा नेला, पुन्हा नकार. डबा वॉचमननं खाल्ला, वर म्हणतो मीठ जास्त झालंय. माझ्या हातनं मीठ जास्त! गेल्या रविवारी त्यालाच म्हटलं, अरे, आत निरोप दे, विचार तिला काय खाणार म्हणून. बऱ्याच वेळानं आला. म्हणाला, भेटायचं नाही म्हणते, पण दहीभात चालेल.

दहीभात! माझ्या हातचं मागायचं, तर आजाऱ्याचं खाणं. शनिवारीच दूध विरजायला घालीन, मोहरीची फोडणी, आलं, हिरवी मिरची, वरून डाळिंबाचे दाणे, ते तिला लागतात. अठरा भरली की जाईल कुठंही, मला कोण विचारतंय. जाऊ दे मेली. सुखात राहो.