कावळ्याच्या घरचं पाणी

— अहो मॅडम, उठता कशाला, बसा की. लेकरांची सुट्टी झालीय तवर दोन शब्द बोलू, मंग तुमची तालीम तुम्हाला मोकळी. असा चेहरा का केला? मी काय तुमचं नाटक बंद पाडायला आलो नाय. नानासाहेबानं आजवर कुणाचं काय बंद पाडलंय, सांगा बरं? उलट ह्या कॉलनीत लेकरांसाठी नाटकाचं शिबिर भरवा म्हणणारा पहिला माणूस मी. मंडप आपला, खुर्च्या आपल्या, मुखवट्यांचा पुठ्ठा शहागंजातून आला तो पण आपल्याच गाडीत. आन् कालचा खेळ — वा! मैदान भरलं होतं. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, पार गच्च्यांवर माणसं. दुष्काळाच्या दिवसांत माणसाला हसायला मिळत नाय मॅडम, तुमच्या लेकरांनी हसवलं. मी पण हसलो, पहिल्या रांगेत बसून, पोट धरून. फक्त एका वाक्याला हसलो नाय. कोणतं वाक्य, ते तुम्हाला ठाऊक हाय.

चिमणीचं. “कावळा सगळ्यांना पाणी आणून देतो, पण कावळ्याच्या घरी ते पाणी कुणीच पीत नाही.” असंच होतं ना? पाठ झालंय मला. अख्खं मैदान हसलं — आन् हसता हसता अख्ख्या मैदानानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. का बघितलं? आता ह्या कॉलनीला पाणी कोण आणतं? नानासाहेबाचे टँकर आणतेत. पैठण रस्त्याला ज्वारीच्या रानात बंगले उभे राहिले, फ्लॅट उभे राहिले, शहर पळत सुटलं — आन् नळ? नळ नकाशात. जायकवाडी तळाला गेलीय, धरणाच्या पोटात लोक गाड्या घेऊन फिरायलेत. आम्ही नसतो तर ही सगळी कॉलनी रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसली असती. मंग? मंग त्याच माणसाच्या पाण्याची अशी टिंगल? बरं, कावळा म्हंजी मी नाय, एवढं मला कळतं. कावळा म्हंजी आणणारा. चोचीत धरून आणणारा. ड्रायव्हर. आता तुम्ही मला फक्त एवढं सांगा — ती चिमणी कुणाची?

काय म्हणल्या? तुम्ही लिहिलं? मॅडम, खोटं तुम्हाला जमत नाय, राहू द्या. उद्घाटनाला मी पाहुणा होतो, गळ्यात हार होता पण कान उघडे होते. तुम्ही माईकवर बालनाट्याचे प्रकार सांगितले — एक मोठ्यांनी लिहून लेकरांकडून पाठ करून घेतलेलं, एक लेकरांनी जागेवर आपल्या मनानं रचलेलं, एक बाहुल्यांचं, एक सावल्यांचं, एक मुखवट्यांचं. लोक जांभया देत होते, मी ऐकत होतो. आन् मंग काय म्हणल्या? की आमचं नाटक लेकरांनीच रचलंय, ह्यातला एकेक संवाद त्यांच्या घरातून आलाय, मी एक शब्द घातलेला नाय. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. तवा लई बरं वाटलं असंल ते बोलायला. आता तेच अंगाशी आलं. तर — घरातून आलाय. कुणाच्या घरातून? बस, एवढंच विचारायलोय.

घात केला तो तुमच्या पुठ्ठ्यानं. सगळ्या चिमण्या एका मापाच्या, एका रंगाच्या, आवाज डब्यातून आल्यावाणी. कोण बोललं ते कळायलाच मार्ग नाय. तुम्हीच सांगितलं होतं, मुखवटा घातला की लाजरं लेकरू पण मोकळं बोलतं. लई मोकळं बोललं! आता माझ्याकडच्या ड्रायव्हरांत लेकीबाळीचे दोघंच — अजिनाथ आन् हनुमान. अजिनाथची अक्षदा तुमच्याकडं हाय, हनुमानची पोरगी पण हाय, दोघी चिमण्याच. ह्यांचे बाप मेंढरं राखणारे. चारा संपला, मेंढरं विकली, मी हातात स्टेअरिंग दिलं. आन् आता कानावर काय यायलंय? अजिनाथची बायको हंडा घेऊन पार जुन्या वस्तीच्या हापशाला जाती. नवऱ्याचा टँकर दारात उभा, आन् बाई हापशाला! का जाती? तिला काय चालायची हौस हाय?

नाय हो, त्याला काय होणार हाय. तुम्ही खामखा भ्यायलात. नोकरीवरून काढणार नाय मी त्याला, लेकराबाळाचा माणूस. जरा खेप बदलून देईन, बस. घाटातली देईन. एक जुना टँकर हाय आपल्याकडं, त्याचा ब्रेक कधी लागतो, कधी नाय लागत. मालकाचं ध्यान असलं तर गाडी मिस्त्रीकडं जाती, ध्यान नसलं तर तशीच घाट उतरती. धमकी? राम राम राम. मी गाडीचं बोलायलोय मॅडम, तुम्ही माणसाचं कुठं काढलं.

आन् मला सांगा, पाण्याला झालंय काय? कॉलनीतल्या मालनबाईचा नातू पाण्यानं गेला असं कोण म्हणतंय? काविळीनं गेला. डॉक्टरनंच सांगितलं. कॉलनीत कावीळ निघालीय, घरोघर लेकरं पिवळी पडलीत, मला दिसत नाय का? पण ते हवेनं. उन्हानं. बाहेरचं बर्फाचं खातेत त्यानं. अंधारात भरतेत टँकर, म्हून रंग दिसत नाय — म्हंजी, रंग असतोच कुठं पाण्याला. आता नाल्याकाठच्या विहिरीला थोडा वास हाय, मी नाय म्हणत नाय, पण तुरटी फिरवली की... कोण म्हणलं नाल्याकाठची? मी? मी विहीर म्हणलो. विहीर म्हंजी विहीर, रानात शंभर विहिरी असतेत. तुम्ही शब्द धरायला बसल्यात का माझे? सगळ्या चांगल्या विहिरी आटल्या मॅडम. कोरड्या विहिरीतून कोण भरून देईल, तुम्ही देता?

बरं, ते जाऊ द्या. उद्याचं बोलू. उद्या खेळ औरंगपुऱ्यात, हॉल मोठा, साहेब लोक येणार, पेपरवाले येणार. तिथं ते वाक्य नको. एवढ्या प्रकारांतला दुसरा एखादा करा की. बाहुल्यांचं करा. बाहुली कशी, हात बोलवंल तेवढंच बोलती. नाय तर सावल्यांचं, सावलीला तोंडच नसतं. हसल्या नाय तुम्ही. अहो मी शिबिराच्या वाईटावर असंन का? माझी स्वतःची नात तुमच्याकडं हाय — श्रेया, आमच्या शिवराजची. तिला परी करा म्हणलं मी, चमकीचा झगा शिवून घेतला. काल परी रंगमंचावर आली तशी मी शेजारच्याला म्हणलो, बघा, तोंडावर मुखवटा असला तरी चालणं आपल्या घरचं हाय. रक्त लपत नाय.

तर नाव सांगा. नाय सांगत? डोळे खाली घातले म्हून नाव पुसलं जात नाय मॅडम. बरं, नका सांगू. तुमच्यावर बालंट नको. दुसरी रीत हाय माझ्याकडं — ही बघा लेकरं आलीच. मुखवटे घालूनच पळत आलीत, शाब्बास. राहू द्या बाळांनो, काढू नका, लई छान दिसतेत. चिमण्यांनो, तुम्ही रांगेत या माझ्याकडं. काय ऊन, काय घाम! तहान लागली असंल. अजिनाथ! ए अजिनाथ! टँकरमधून कळशी भर आन् एक ग्लास आण. हां, इथं ठेव. कळलं ना मॅडम? जी चिमणी पिणार नाय, ती आपली. साधी गोष्ट हाय.

— आं? तुम्ही का उठल्या? आडव्या का होताय? चांगलं पाणी हाय म्हणतोय ना मी. गारेगार हाय. मी? मी आत्ताच चहा घेतलाय, वरून पाणी बाधतं मला. बसा. बसा म्हणतो.

ये गं, तू पुढं ये. पहिली तू. घे. घे की, लाजती काय? हात मागं का लपवले? ग्लास घे म्हणलं ना. — बघितलं? मॅडम, बघितलं? पहिलीच. अजिनाथ, ये इकडं, बघ तुझ्या लेकीला काय शिकवून ठेवलंय तुम्ही नवराबायकोनं. मालकाच्या हातचं पाणी... काय? तुझी नाय? नीट बघ. तुझी ती मागं उभी, बरं. मंग हनुमानची. ती पण मागं? मंग ही कोण? मुखवटा काढ गं. काढ. मॅडम, मधी हात घालू नका. थांब, मीच काढतो —

श्रेया.

तू तर परी होतीस ना? मॅडम, हिला परी करायचं ठरलं होतं. तिनंच नको म्हणलं? तिनंच चिमणी मागून घेतली? आन् काल ते — तू बोललीस? कुणी शिकवलं तुला, खरं सांग. कुणी नाय? घरात बघितलं? अगं, काय बघितलं घरात, आपल्याकडं पाण्याचा जार येतो तो तुझ्या आईच्या हौसेपायी, त्यात लोकांना सांगण्यासारखं काय... मंग कावळा कोण? बोट खाली कर. श्रेया, बोट खाली कर, सगळे बघायलेत. अजिनाथ, तू गाडीकडं जा. ऐकू येत नाय का? उभा काय राहिलास बघत माझ्याकडं? — काय बाळा? मालनबाईचा नातू? तुझ्याच बाकावर बसायचा? नाय, मला ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नाय ते.

काय म्हणतीस? मोठ्यानं बोल.

मी प्यावं?

मला तहान नाय, बाळा. ओढू नको हात. तहान नाय म्हणलं ना.